समुद्राकडे पाठ फिरवलेला खेकडा

जुन्नर तालुक्यात पूर गावच्या कुकडेश्वराजवळ उगम पावणारी कुकडी पूर्वेकडे वाहते. घोड, भीमा आणि कृष्णा या वाटेनं तिचं पाणी हजार किलोमीटरहून अधिक अंतर तोडून बंगालच्या उपसागराला मिळतं. अरबी समुद्र त्या मानानं जवळ, पण मध्ये नाणेघाटाचा कडा आहे. म्हणजे इथल्या ओढ्यातल्या किंवा भातखाचराच्या बांधातल्या काळ्या खेकड्याला समुद्र गाठायची कुठलीच सोय नाही. तरी त्याचे पूर्वज समुद्रातलेच. असे गोड्या पाण्यातले खेकडे जगभरात १३०० च्या आसपास जातींचे आहेत. समुद्र सोडण्यासाठी त्यांच्या शरीरात काय काय बदलावं लागलं, ते जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात नीट पाहता येतं.

पहिली अडचण मिठाची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि समुद्री खेकड्याचं रक्तही जवळपास तेवढंच खारट असतं. तोच खेकडा गोड्या पाण्यात टाकला, तर बाहेरचं पाणी शरीरात शिरत राहतं आणि क्षार बाहेर झिरपतात. डोंगरातल्या खेकड्यानं यावर तीन बाजूंनी उपाय केला आहे. त्याच्या रक्ताचा खारटपणा समुद्री खेकड्याच्या जवळपास निम्म्यावर आला. कवचातून आणि कल्ल्यांतून होणारी झिरपण कमी झाली. आणि कल्ल्यांमधल्या खास पेशी ओढ्याच्या पाण्यातले थोडेसे क्षारही वेचून आत ओढतात. रक्तापेक्षा पातळ लघवी त्याला करता येत नाही, म्हणून तो ती फारच थोडी करतो.

श्वासाचं सांगायचं तर कल्ल्यांच्या पोकळीचं वरचं अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं आणि ते फुफ्फुसासारखं काम करतं. कल्ले ओले राहिले की हा खेकडा पाण्याबाहेर खुशाल हिंडतो. उन्हाळ्यात ओढा आटला की बिळाच्या तळाशी, ओल टिकून असते तिथे, पाऊस येईपर्यंत दबून बसतो.

पण मला सर्वांत मोठा वाटतो तो बदल पिल्लांचा. खाडीतली चिंबोरी लाखो बारीक अंडी घालते आणि ती फुटायच्या वेळी खुल्या समुद्राकडे जाते. त्यातून निघणारी पिल्लं खेकड्यासारखी दिसतही नाहीत. काही आठवडे खाऱ्या पाण्यात तरंगत, कात टाकत, रूप बदलत ती मोठी होतात. वाहत्या ओढ्यात असली पिल्लं पहिल्याच लोंढ्यात गेली असती. म्हणून डोंगरातल्या मादीची अंडी थोडी, शेकड्यांत मोजावीत इतकीच, पण आकारानं मोठी आणि पिवळ्या बलकानं भरलेली असतात. तरंगण्याच्या त्या साऱ्या अवस्था अंड्यातच उरकतात आणि बाहेर येतो तो पायांनी चालणारा इवलासा खेकडा. तोही लगेच सुटा होत नाही, काही दिवस आईच्या पोटाखाली चिकटून राहतो.

या सोयीची किंमतही मोठी आहे. समुद्री पिल्लं प्रवाहाबरोबर दूरदूर पसरतात, ही मात्र आईच्याच ओढ्याच्या आसपास राहतात. एका डोंगरावरचे खेकडे दुसऱ्या डोंगरावरच्यांत सहसा मिसळत नाहीत आणि हजारो पिढ्यांत त्यांच्या वेगळ्या जाती होतात. काळा खेकडा दख्खनभर पसरलेला आहे. त्याचं शास्त्रीय वर्णन १८३६ मध्येच साइक्स आणि वेस्टवुड यांच्या लेखातून लंडनला प्रसिद्ध झालं होतं. याउलट सह्याद्रीत काही जाती एखाद्या घाटापुरत्या, एखाद्या सड्यापुरत्याच सापडतात. २०१६ मध्ये समीरकुमार पती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी पश्चिम घाटातल्या पाच नव्या जाती एकाच शोधनिबंधात नोंदवल्या. असा एखादा सडा खणला गेला, तर त्या जातीला जायला दुसरी जागा उरत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर रात्री बत्ती घेऊन खेकडे धरायला जाणाऱ्यांना नर-मादीची खूण ठाऊक असते. खेकडा उलटा केला की पोटाखालची दुमडलेली पट्टी दिसते. ती नराची अरुंद आणि मादीची रुंद असते. रुंद पट्टीखाली अंडी किंवा पिल्लं दिसली, तर त्या मादीला तिथेच सोडून द्यावं. तिच्या पोटाखाली त्या ओढ्याची पुढची पिढी असते, आणि वाहून आलेली दुसरी पिल्लं तिची जागा भरत नाहीत.