तळ्याचे पाणी हिरवे का होते?

आपल्या आगरात वाडीतले तळे, वसईकडचे बावखल, उन्हात हिरवे पडते. साबण, शेण, खत आणि कुजका पाला हे शेवाळाचे अन्न. म्हणून कपडे-भांडी काठापासून दूर धुवा, पडलेला पाला काढत राहा, शेवाळ जाळीने ओढून बाहेर टाका. मोरचूद टाकू नका. मासे मरतात, मेलेले शेवाळ कुजून पाणी आणखी नासते. डासांच्या अळ्यांसाठी बंदिस्त तळ्यात गप्पी मासे सोडा.

पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी साय आली, तर ते पाणी पिऊ नका, मुलांना त्यात उतरू देऊ नका, गुरांनाही पाजू नका. तिच्यात विष असू शकते, आणि ते उकळूनही जात नाही. ग्रामपंचायतीकडे पाण्याची तपासणी मागा. नितळ पाणीही उकळूनच प्या; जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.