सोळा टक्क्यांचा संसार

सकाळी नऊच्या सुमारास शटर वर जातं, देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लागते आणि पहिलं गिऱ्हाईक येतं ते बहुधा दोन गोळ्यांसाठी. ड्रॉवरमधून दहाची पट्टी निघते. काउंटरला दोरीने बांधलेली कात्री हातात येते, पण कापण्याआधी हात क्षणभर थांबतो. पट्टीच्या ज्या कडेला बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली असते, ती कड दुकानात राहिली पाहिजे. दोन गोळ्या जातात, आठ उरतात. त्या मुदतीत खपल्या तर ठीक. नाही खपल्या तर अशी अर्धवट पट्टी कंपनी सहसा परत घेत नाही. सबंध पट्टीचे पैसे क्रेडिट नोटने मिळतात, तेही महिनोन्‌महिने वाट पाहून. दोन गोळ्यांवर सुटलेला असतो रुपया-दीड रुपया आणि अडकलेली असते आठ गोळ्यांची किंमत.

‘औषधाच्या धंद्यात तोटा नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात इतकं रुळलं आहे, की मुलाने डी. फार्म. केलं की घरचे लगेच गाळा बघायला लागतात. वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड किंवा गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून आलेले पैसे रॅकवर चढतात. लोक आजारी पडायचे थांबणार नाहीत, हे खरंच आहे. पण गिऱ्हाईक असणं आणि नफा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुकान उघडण्याच्या अटी १९४५ च्या औषध नियमांत आहेत. किरकोळ विक्रीसाठी किमान दहा चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट जागा. फॉर्म २० आणि २१ चे परवाने. फ्रीज हवाच, कारण इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. म्हणजे वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टरही आला. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमानुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. १ मार्च २०१४ पासून शेड्युल एच-१ मधल्या औषधांसाठी वेगळं रजिस्टर आलं. काही प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं विकली, की रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, किती दिलं, सगळं लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. रुग्णाच्या हितासाठी यातली एकही अट जास्त नाही. मात्र या प्रत्येक अटीला खर्च आहे आणि तो कशातून भागवायचा, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

मिळकतीची मर्यादा मात्र नेमकी लिहिलेली आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक यादीतल्या औषधाची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवतं. बाजारातल्या ब्रँडच्या किरकोळ दुकानदाराला पडणाऱ्या दराची सरासरी काढायची आणि तिच्यात १६ टक्के मिळवायचे. ते १६ टक्के दुकानदाराचे. यादीबाहेरच्या औषधांवर प्रथेप्रमाणे २० टक्के मिळतात. पण सोळा म्हटलं तरी हातात सोळा पडत नाहीत, कारण ते खरेदीवर मोजलेले आहेत. कर सोडून १०० रुपयांना विकलेल्या औषधाची खरेदी ८६ रुपये २१ पैसे पडते. विक्रीवर सुटतात १३ रुपये ७९ पैसे. दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे यादीतल्या औषधांच्या या कमाल किमती हलतात. २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढ मिळाली, २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के. त्या वर्षी गाळ्याचं भाडं काही ०.००५५१ टक्क्यांनी वाढलं नाही.

आता तालुक्याच्या ठिकाणचं एक दुकान डोळ्यांपुढे आणू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, पण या धंद्यातल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. रोजचा गल्ला १५ हजार, म्हणजे महिन्याला साडेचार लाख. त्यातून ५ टक्के जीएसटी वजा केला तर उरतात सुमारे ४ लाख २८ हजार. दोन्ही प्रकारच्या औषधांचा सरासरी नफा १७ टक्के धरला, तर हातात येतात ७२ हजार ८००. गाळ्याचं भाडं १८ हजार, फार्मासिस्टचा पगार १८ हजार, काउंटरवरच्या पोऱ्याचे ११ हजार, वीज ५ हजार. एक्सपायरी आणि फूटतूट साडेचार हजार. बिलिंगचं सॉफ्टवेअर, सीएची फी, पिशव्या, किरकोळ मिळून ४ हजार. रॅकवर आठ लाखांचा माल आहे, त्यावर १२ टक्के दराने महिन्याचं व्याज ८ हजार. बेरीज ६८ हजार ५००. मालकाच्या घरी जातात चार हजार तीनशे रुपये.

मालक स्वतः फार्मासिस्ट असेल तर त्या पगाराचे १८ हजार घरात राहतात आणि गाळा स्वतःचा असेल तर भाडंही. छोटी मेडिकल तगून आहेत ती बव्हंशी याच दोन आधारांवर. बायको दुपारी काउंटर सांभाळते, वडील स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक पुरवठादाराच्या, बिलांची जुळवणी करतात आणि त्या श्रमांची किंमत कुणी लावत नाही. उधारीची वही वेगळीच. ओळखीच्या आजीला बीपीची गोळी नाही म्हणता येत नाही, आणि स्टॉकिस्टला आठवड्याचा चेक चुकवता येत नाही.

अशा दुकानासमोर रस्त्यापलीकडे फलक लागतो: ‘सर्व औषधांवर २० टक्के सूट’. यादीतल्या औषधावर शंभराच्या विक्रीमागे १३ रुपये ७९ पैसेच सुटत असतील, तर २० टक्के कुठून येतात? साखळी दुकानं कंपनीकडून थेट आणि भरपूर उचलतात, त्यांना स्कीम चांगली मिळते, स्वतःच्या नावाची उत्पादनंही ती विकतात. ऑनलाइनवाल्यांकडे गुंतवणूकदारांचा पैसा होता. २०२० मध्ये रिलायन्सने नेटमेड्स घेतलं, २०२१ मध्ये टाटांनी वनएमजी. फार्मईझीच्या मूळ कंपनीला मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षात पाच हजार कोटींहून अधिक तोटा झाला. एवढा तोटा पोटात घालून वर्षभर उभं राहणं गल्लीतल्या दुकानाला शक्य नाही. या ऑनलाइन विक्रीविरोधात केमिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेने २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये देशभर बंद पुकारले. ऑगस्ट २०१८ मध्ये ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा निघाला आणि मसुदाच राहिला.

फलकाला उत्तर म्हणून छोटा दुकानदारही दहा टक्के सूट देऊ लागतो. वरच्या हिशोबात निम्म्या विक्रीवर दहा टक्के सोडले, तर महिन्याला २१ हजार ४०० जातात. दुकान १७ हजारांच्या तोट्यात. इथून पुढचे रस्ते धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहेत. पहिला रस्ता म्हणजे फार्मासिस्टला कामावर न ठेवता त्याचं नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं आणि त्याला महिन्याचं भाडं पोचवायचं. २०१२ च्या सुमारास महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना फार्मासिस्टच्या हजेरीची कडक तपासणी सुरू झाली, तेव्हा औषध दुकानदार आंदोलनात उतरले होते. कायदा झगडे यांच्या बाजूने होता आणि रुग्णाचं हितही. काउंटरमागे जाणकार माणूस नसेल तर त्या दुकानाला औषधाचं दुकान म्हणण्यात अर्थ नाही. पण त्या माणसाचा पगार सोळा टक्क्यांत बसतो का, हा प्रश्न तेव्हाही कुणी नीट विचारला नाही.

दुसरा रस्ता जास्त नफ्याच्या मालाचा. किंमत नियंत्रणाबाहेरच्या औषधावर सुरुवातीला कितीची एमआरपी छापायची हे उत्पादकच ठरवतो. त्यामुळे स्टॉकिस्टमार्फत थेट दुकानात येणाऱ्या जेनेरिक मालावर छापील किंमत आणि खरेदी यांत कित्येक पटींचं अंतर असू शकतं. मोठी सूट देऊनही भरपूर सुटतं ते अशाच मालावर. मोठ्या रुग्णालयांना तर गिऱ्हाईक शोधावंच लागत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. २७ फेब्रुवारी २०१९ ला कर्करोगावरच्या ४२ औषधांवर ३० टक्क्यांची व्यापारी नफ्याची मर्यादा आली. बाकीच्या असंख्य औषधांना ती अजून नाही.

कर बदलला की धक्का याच काउंटरला बसतो. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेच्या दिवशी, बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. रुग्णाच्या दृष्टीने चांगलं झालं. पण आदल्या दिवशीपर्यंत १२ टक्के कर भरून घेतलेला माल रॅकवर होता. यादीबाहेरच्या औषधाची ११२ रुपयांची पट्टी १०५ ला द्यायची. खरेदीवर ९ रुपये ६० पैसे कर भरलेला, विक्रीवर ५ रुपयेच आला. मधले ४ रुपये ६० पैसे खात्यात जमा दिसतात, पण स्टॉकिस्टला ते देता येत नाहीत. कंपोझिशन योजनेतल्या लहान दुकानदाराला तर कराचा परतावाच घेता येत नाही. त्याचे पट्टीमागे सात रुपये गेले.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. केमिस्टची कमाई किमतीच्या टक्केवारीत मोजली जाते. म्हणजे तो जितकं स्वस्त औषध देईल तितकं कमी कमावेल. जनऔषधी केंद्रचालकालाही २० टक्केच मिळतात. दहा रुपयांच्या पट्टीवर दोन रुपये. चिठ्ठी वाचणं, दोन औषधं एकमेकांच्या आड येतात का ते पाहणं, ‘ही जेवणाआधी, ती रात्री’ असं दोनदा समजावणं, हे श्रम दहाच्या पट्टीला आणि हजाराच्या इंजेक्शनला सारखेच लागतात. इंग्लंडमध्ये तिथली सरकारी आरोग्य सेवा चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधामागे फार्मसीला ठरावीक फी देते. आपल्याकडे या कामाला दरच नाही. फार्मासिस्ट हजर असेल तरच मिळेल अशी माफक सेवा फी आणि सर्वच औषधांवर व्यापारी नफ्याची मर्यादा, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत. नुसती मर्यादा आणली तर छोटी दुकानं मिटतील. नुसती फी दिली तर लूट चालूच राहील.

तोवर वाचकाच्या हाती थोडं आहे. रोजची गोळी असेल तर सबंध पट्टी घ्या. पक्कं बिल मागा आणि त्यावरचा बॅच नंबर पाहा. दुकानात फार्मासिस्ट कोण आहेत ते विचारा, आणि गोळी कशी घ्यायची ते त्यांच्याच तोंडून ऐका.