गाडीचा क्लच आणि डावा पाय

कुवेत शहराच्या नैर्ऋत्येस, विमानतळाच्या शेजारी, जलीब अल-शुयूख नावाची दाट वस्ती आहे. तिच्या एका भागाला तेथील भारतीय लोक अब्बासिया म्हणतात. दुकानांवर मल्याळम अक्षरांच्या पाट्या, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा, डोक्यावरून सारखी जाणारी विमाने, आणि अरुंद रस्त्यांवर दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारी. केरळचे लोक सर्वांत अधिक, पण रत्नागिरी-रायगडकडची कुटुंबेही तेथे भेटतात. २०२० साली करोनाच्या साथीत एप्रिलपासून जुलैपर्यंत हा सारा भाग बंद ठेवला होता, तेव्हा त्याचे नाव वर्तमानपत्रांतून आले होते. एरवी आपल्या बेटावर ते फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

मला ठाऊक आहे, कारण माझी मावसबहीण तेथे राहते. ती वाक्वाची. लग्न होऊन रत्नागिरीस गेली आणि तेथून यजमानांबरोबर कुवेतला. ती रुग्णालयात परिचारिका आहे. पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची. भाऊजी तिला आणि शेजारच्या आणखी दोघी परिचारिकांना मोटारीने पोहोचवितात. मोटार जुनी, जपानी, आणि हाताने गिअर टाकावयाची. कुवेतमध्ये घरगुती गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक. हाताच्या गिअरच्या म्हणजे कंपन्यांच्या व्हॅन आणि लहान मालमोटारी, ज्यांना तिकडे ‘वानेत’ म्हणतात. अशी मोटार तेथे कोणी फारशी मागत नाही, म्हणून भाऊजींना स्वस्तात मिळाली.

गेल्या वर्षी आपल्या हिवाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, मी तेथे असताना या मोटारीचा क्लच गेला. तो बदलण्याचे काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभी राहून पाहिले. आपल्याकडे पुष्कळ घरांत अजून अशाच गाड्या आहेत, आणि क्लचचे बिल हातात आले की घरात वाद होतो. म्हणून जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवते.

प्रथम क्लच म्हणजे काय ते पाहू. फ्रेंचमध्ये आपण ज्याला आंब्रेयाज म्हणतो तोच हा. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला शिकविले होते की मुलांपुढे आधी वस्तू ठेवावी, नाव मागून सांगावे. तेव्हा स्वयंपाकघरातील दोन स्टीलच्या थाळ्या घ्या आणि मध्ये खरखरीत कापड ठेवा. दोन्ही थाळ्या घट्ट दाबून वरची फिरविली तर कापडही तिच्याबरोबर फिरते. दाब सैल केला की थाळ्या फिरतात, कापड जागीच राहते. मोटारीत पहिली थाळी म्हणजे इंजिनाला जोडलेले जड फ्लायव्हील. दुसरी थाळी म्हणजे प्रेशर प्लेट. तिच्या पाठीवर फुलाच्या पाकळ्यांसारखी एक पोलादी स्प्रिंग असते आणि तीच सारा दाब देते. मधले कापड म्हणजे क्लच प्लेट. ती गिअर बॉक्सच्या दांड्यावर बसलेली असते. आपण पाय दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग त्या पाकळ्यांना ढकलते, दाब सुटतो, आणि इंजिन चाकांपासून वेगळे होते. पाय काढला की पुन्हा सारे एक.

आता ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की पाय पूर्ण दाबलेला असताना प्लेट झिजत नाही आणि पूर्ण काढलेला असतानाही झिजत नाही. झिजते ती मधल्या क्षणी, घसरताना. दोन टनांची गाडी उभी असताना तिला ताशी १५ किलोमीटर वेगापर्यंत आणावयाचे, तर प्लेटवर जी उष्णता होते ती ढोबळमानाने पेलाभर पाणी २० अंशांनी तापवील इतकी असते. एका वेळेला हे काही फार नाही. पण गर्दीत हात-हात पुढे सरकत, पाय अर्धा दाबून धरून गाडी चालविली की ती उष्णता थांबतच नाही.

अब्बासियात सगळेजण उन्हाला दोष देतात. ऊन तसे आहेच. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या मित्रिबा येथे पारा ५४ अंशांवर गेला होता. जागतिक हवामान संघटनेने पुढे तपासून ५३.९ हा आकडा मान्य केला. परंतु घसरणाऱ्या क्लचच्या आत याच्या कितीतरी पट तापमान होते. त्यापुढे बाहेरच्या पाच-दहा अंशांनी काय फरक पडणार? भाऊजींच्या गल्लीत पाण्याने उखडलेला रस्ता, समोरून येणारी मालमोटार, मध्ये उभी केलेली टॅक्सी. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत ते रोज ‘हाफ क्लच’वर जात. बहीण मागे बसून म्हणे, “अहो, पाय तरी काढा.” ते म्हणत, “गाडी बंद पडली तर मागचे हॉर्न वाजवतात.”

लक्षणे महिनाभर आधी दिसत होती. क्लच पाय फार वर आल्यावर धरू लागला. नंतर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढे, पण गाडीचा वेग तितका वाढत नसे. मग एके दिवशी जळक्या कागदासारखा वास. ही तीन एकापाठोपाठ आली की प्लेट संपत आली असे समजावे. खात्री करावयाची साधी रीत आहे. सपाट मोकळ्या जागी, पुढे कोणी नाही असे पाहून, हँडब्रेक घट्ट ओढावा, तिसरा गिअर टाकावा आणि इंजिन थोडे चढवून क्लच हळूहळू सोडावा. चांगला क्लच असेल तर इंजिन लगेच बंद पडते. ते चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी. फिरफिरून केली तर उरलीसुरली प्लेट त्यातच जाईल.

गिअर नीट पडत नाही, करकर आवाज होतो, हे मात्र वेगळे दुखणे. त्यात क्लच सुटत नसतो. दोष पुष्कळदा तारेत किंवा तेलाच्या सिलिंडरमध्ये असतो आणि गिअर बॉक्स न उतरवता दुरुस्त होतो. गॅरेजवाल्याने हे लक्षण ऐकून लगेच प्लेट बदलावयास सांगितले तर थोडे थांबावे.

भाऊजींना थांबणे शक्य नव्हते. रविवारी पहाटे तिघींची पाळी होती. कुवेतमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी गॅरेज बंद. म्हणजे हातात उरला एक शनिवार. मोटारींच्या कामासाठी तेथे शुवैख औद्योगिक भाग प्रसिद्ध आहे. गल्लीच्या गल्ली गॅरेजांच्या आणि सुट्या भागांच्या. आम्ही सकाळी सातला पोहोचलो. उन्हाळ्यात जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करण्यास तेथे बंदी असते. हे गॅरेज छपराखाली होते, पण आत पंख्याचा वारासुद्धा तापलेला.

गॅरेजच्या प्रमुखाला सगळे ‘उस्ताद’ म्हणत. बोलणे हिंदीत. त्यांनी गाडी एक फेरी चालवून पाहिली आणि दोन भाव सांगितले. एक नुसत्या प्लेटचा, तोही जुन्या प्लेटवर नवे फेसिंग ठोकून. दुसरा पूर्ण संचाचा: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. मजुरी दोन्हीकडे तीच. भाऊजी गप्प झाले. त्या महिन्यात रत्नागिरीस आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचे पैसे पाठवावयाचे होते.

या ठिकाणी हिशेब असा आहे. क्लचच्या कामात महाग असते ती खोल जाण्याची मजुरी. बॅटरीची तार काढा, गिअर बॉक्समधील तेल गाळा, चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे ओढा, स्टार्टर सोडा, इंजिनाला खालून आधार द्या, आणि मग कुठे गिअर बॉक्स मागे सरकतो. दोन माणसांना यात सकाळ जाते. बेअरिंग ही त्या मानाने किरकोळ वस्तू. पण जुने बेअरिंग ठेवले आणि ते सहा महिन्यांनी ओरडू लागले, तर ही सारी मजुरी पुन्हा पहिल्यापासून. बहिणीने दोन वाक्यांत निकाल लावला : “पहाटे साडेचारला रस्त्यात उभी राहिले तर वॉर्डात माझ्या जागी कोण? आईंचे पैसे माझ्या पगारातून जातील.” भाऊजींनी पूर्ण संच सांगितला.

संच समोरच्या दुकानातून आणला. डब्यावर एक्सेडी हे जपानी नाव होते. या कंपनीचा एक कारखाना महाराष्ट्रातच औरंगाबादेस (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) आहे, हे भाऊजींनी मला मोठ्या अभिमानाने सांगितले. उस्तादांनी मात्र आधी डबा उलटसुलट करून छपाई पाहिली, मग नवी प्लेट जुन्या प्लेटवर ठेवून व्यास आणि मधले दाते जुळविले. नकली माल सगळीकडे मिळतो, आणि चुकीचा भाग गिअर बॉक्स चढविल्यावर कळून उपयोग नसतो.

जुनी प्लेट बाहेर आली तेव्हा मी ती हातात मागून घेतली. फेसिंग पितळी रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत खाली गेले होते. पुष्कळ गाड्यांत रिव्हेटचे डोके पृष्ठभागापासून निदान ०.३ मिलिमीटर खोल असावे असा नियम असतो; इथे दोन रिव्हेट फ्लायव्हीलला लागू लागले होते. फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग होते, म्हणजे ते तापून भाजले होते. उस्तादांनी ते उतरवून शेजारच्या लेथवर पाठविले. भाजलेल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट बसविली तर गाडी सुटताना थरथरते. फ्लायव्हील निघाल्यावर मागचे ऑइल सील दिसले. त्याच्या कडेला ओल होती. तेही बदलले. तेलाचे चार थेंब प्लेटवर पडले तर नवी प्लेटही घसरू लागते, आणि लोक म्हणतात की माल खराब होता.

बसविताना ज्या गोष्टी पाहिल्या त्या आपल्याकडे अंगणात काम करणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवाव्यात. घरात साचलेली काळी धूळ हवेने उडविली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या प्लेटांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, ते तिच्यावरील खूण वाचून ठरविले. मध्य साधण्यासाठी प्लास्टिकची काठी घातली, नाहीतर गिअर बॉक्सचा दांडा आत जात नाही. दात्यांवर ग्रीस नखभर, जास्तीचे पुसून. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. आणि गिअर बॉक्स वर घेताना तो एकदाही त्या दांड्यावर लटकू दिला नाही. त्याच्या वजनाने नवी प्लेट वाकते. अंगणातील मंडळींना आणखी एक सांगते : नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जाऊ नये, खाली पक्के स्टँड हवेतच.

संध्याकाळी पाच वाजता गाडी खाली आली. रविवारी पहाटे तिघी वेळेवर पोहोचल्या.

आपल्या बेटावर वाळवंट नाही, पण चढ आहेत. पोर्ट लुईहून क्यूरपिपला जाताना आपण सुमारे ५५० मीटर वर चढतो, आणि काज नोयालहून शामारेलचा घाट तर सर्वांना माहीत आहे. चढावर वाहने थांबली की पुष्कळजण ब्रेक सोडून क्लचवरच गाडी तोलून धरतात. ते कौशल्य वाटते, आणि मलाही पूर्वी पाहताना वाटे. पण त्या वेळी प्लेट एकसारखी घासत असते. हँडब्रेक ओढावा, पाय काढावा, पुढची गाडी हलली की क्लच धरू लागल्यावर ब्रेक सोडावा. सिग्नलला तांबडा दिवा लांबला तर गिअर काढून पाय खाली ठेवावा; क्लच दाबून बसले तर प्लेट नव्हे, पण बेअरिंग झिजते. आणि गाडी चालत असताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय घरातील ज्येष्ठांना फार असते. शिकाऊ मुले तीच उचलतात.

गॅरेजमधून गाडी घेताना जुनी प्लेट मागावी आणि रिव्हेट पाहावेत. पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवावे, ओझे ओढू नये, म्हणजे नवे फेसिंग फ्लायव्हीलवर नीट बसते. ज्यांच्या गाडीत क्लचला तार आहे त्यांनी महिन्याभराने पेडलचा मोकळा खेळ पुन्हा तपासून घ्यावा. तो उरला नसेल तर स्प्रिंग पूर्ण दाबत नाही आणि नवी प्लेटही घसरते. ते काम दहा मिनिटांचे आहे, आणि त्यासाठी गिअर बॉक्स उतरवावा लागत नाही.