जुनी जीपगाडी : घरगुती दुरुस्ती व फेरबदल

चिखलाच्या वाटेवर किंवा सैल वाळूत साधी मोटारगाडी अडून बसते, ती तिचे इंजिन दुबळे असते म्हणून नव्हे. इंजिनाची शक्ती जमिनीपर्यंत पोचविण्याचे काम तिची दोनच चाके करीत असतात. त्या चाकांखालच्या जमिनीने धर सोडला, की सारी शक्ती ती चाके जागच्या जागी फिरविण्यात वाया जाते. उरलेल्या दोन चाकांवर गाडीचे जवळजवळ निम्मे वजन असते. परंतु त्या वजनामुळे मिळणाऱ्या घर्षणाचा उपयोग होत नाही. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी ही उणीव भरून काढते.

अशा हलक्या गाडीची मागणी अमेरिकी सैन्याने १९४० साली केली. अमेरिकन बँटम या छोट्या कारखान्याने त्याच वर्षी पहिला नमुना तयार केला. पुढे विलिज-ओव्हरलँड व फोर्ड या कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. त्याच गाडीचे नाव जीप. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीने सुटे भाग आणवून मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हा उंच बॉनेटचा नमुना भारतात तयार होऊ लागला. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ साली थांबले; भारतात ते त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिले. शेतमळे, चहाचे बाग, वनखाते, पोलीस ठाणी अशा सर्व ठिकाणी या गाडीने सेवा केली आहे.

या गाडीची दुरुस्ती घरी करता येते, याचे कारण तिच्या रचनेत आहे. पोलादी चौकट वेगळी असून तिच्यावर पत्र्याचे शरीर बोल्टांनी बसविलेले असते. इंजिन, गिअरपेटी, आस व स्टिअरिंग हे घटक एकेक करून उतरविता येतात आणि बहुतेक कामे साध्या पान्यांनी होतात. परंतु भाग सहज सुटतो म्हणून त्याचे कार्य सहज कळते, असे नाही. गाडीतील शक्ती कोणत्या मार्गाने जाते हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून एका भागाची दुरुस्ती होते आणि दुसऱ्यावर नवे ओझे पडते.

शक्तीचा मार्ग

इंजिनातून निघालेली शक्ती क्लचमधून गिअरपेटीत आणि तेथून मागच्या बाजूस जोडलेल्या दुसऱ्या पेटीत जाते. या दुसऱ्या पेटीस ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यातून दोन लांब दांडे निघतात, एक पुढच्या आसाकडे व एक मागच्या आसाकडे. प्रत्येक आसाच्या मध्यभागी डिफरन्शियलची दंतचक्रे असतात. ती शक्तीची दिशा वळवून डाव्या व उजव्या चाकांना वाटून देतात.

सीजे-३बी या नमुन्यात पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८, ट्रान्सफर केसच्या मंद गतीचे २.४६ आणि आसातील दंतचक्रांचे ५.३८ असते. या तीन आकड्यांचा गुणाकार सुमारे ३७ होतो. म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी इंजिन ३७ वेळा फिरते आणि, घर्षणात जाणारा भाग सोडल्यास, पीळ देण्याचे बळ ३७ पट होते. इंजिन मिनिटास १००० फेरे घेत असताना गाडी तासाला चार किलोमीटरांहूनही कमी वेगाने, माणसाच्या चालीने, पुढे सरकते. सुमारे ७२ अश्वशक्तीचे लहानसे इंजिन ही गाडी खडा चढ चढविते, त्यामागचे गणित एवढेच आहे.

मात्र ही सोय कोरड्या डांबरी रस्त्यासाठी नाही. वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांहून मोठ्या वर्तुळात फिरतात. मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वळणावरून काटकोनात वळला, तर पुढच्या आसाचा मध्य त्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर अधिक अंतर कापतो. ट्रान्सफर केस दोन्ही आसांना एकाच गतीने फिरवीत असल्यामुळे हा फरक कोठे तरी भरून निघावा लागतो. चिखलात चाके किंचित घसरून तो भरून काढतात. कठीण रस्त्यावर ती घसरू शकत नाहीत आणि सारा पीळ दांड्यांत व दंतचक्रांत साठतो. दांते तुटण्याचे व गिअर अडकून बसण्याचे हे एक मोठे कारण आहे. दोष जुन्या लोखंडाचा मानला जातो. प्रत्यक्षात तो वापराचा असतो.

दुरुस्तीचा क्रम

जुनी गाडी हाती आली, की बहुतेकांचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. योग्य क्रम याच्या उलट आहे : आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, नंतर चाके व आस आणि शेवटी इंजिन. न चालणारी गाडी कोणाचा जीव घेत नाही. न थांबणारी गाडी घेते.

त्याही आधी गाडी उचलण्याची रीत शिकली पाहिजे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. सपाट व टणक जमिनीवर, जमिनीवरच राहणाऱ्या चाकांना अडण्या लावून, चौकटीखाली किंवा आसाखाली भक्कम घोड्या बसविल्याखेरीज कोणीही गाडीखाली शिरू नये. विटांची चळत घोडीचे काम करू शकत नाही; वीट भाराखाली पूर्वसूचना न देता फुटते.

जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना एकाच मास्टर सिलिंडरमधून व एकाच मार्गाने दाब पोचतो. त्यामुळे एका नळीस भेग पडली तरी चारही ब्रेक एकदम निकामी होतात. पुढच्या व मागच्या चाकांसाठी दोन स्वतंत्र मार्ग असलेला मास्टर सिलिंडर बसविणे हा जुन्या गाडीतील सर्वांत उपयुक्त बदलांपैकी एक होय. तो मात्र जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. प्रचलित प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये असे तेल उकळते, वाफेचे बुडबुडे धरते आणि पायाखालचे पेडल पोकळ होते. म्हणून ते ठराविक काळाने बदलावे. त्याच्या जागी इंजिनाचे तेल कधीही घालू नये, कारण त्याने रबरी वाट्या फुगून निकामी होतात.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ड्रम उघडल्यावर त्यातील धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडविण्याची सवय घातक आहे. ते सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन असाध्य रोग निर्माण करतात. ओल्या फडक्याने धूळ टिपावी व फडके पिशवीत बांधून टाकावे. पेट्रोलच्या टाकीस घरी झाळकाम करणे हेही असेच प्राणघातक होय. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते.

शक्ती नेणाऱ्या लांब दांड्याच्या दोन्ही टोकांस युनिव्हर्सल जॉइंट असतो. कारागीर त्यास ‘क्रॉस’ म्हणतात. दांडा कोनात फिरत असला, की क्रॉसच्या पुढील गती प्रत्येक फेऱ्यात किंचित कमीअधिक होते. कोन १० अंशांचा असता हा फरक सुमारे दीड टक्का असतो. २० अंशांस तो सहा टक्क्यांवर जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस पहिल्याचा फरक नाहीसा करतो, पण दोन्हींच्या कवड्या एका रेषेत असतील तरच. दांड्याचा सरकता सांधा सोडून पुन्हा बसविताना एक दाता चुकला, तर गाडी थरथरू लागते आणि नवा बेअरिंगही लवकर झिजतो. म्हणून सांधा सोडण्यापूर्वी दोन्ही भागांवर खूण करावी. या एका खुणेने पुष्कळ खर्च वाचतो.

इंधनाचाही विचार करावा लागतो. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने सर्वत्र पोचले आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व कार्बोरेटरमधील पॅकिंग या मिश्रणासाठी बनविलेली नाहीत. ती फुगतात, ठिसूळ होतात व गळू लागतात. इथेनॉलमध्ये पाणी सहज मिसळत असल्याने बराच काळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसविणे व टाकी अधूनमधून तपासणे हा त्यावरील स्वस्त उपाय आहे.

फेरबदलाचे गणित

दुरुस्ती गाडीला मूळ स्थितीस आणते. फेरबदल तिला मूळ स्थितीपासून दूर नेतो. सर्वांत लोकप्रिय फेरबदल मोठ्या टायरांचा. ७३ सेंटिमीटर व्यासाच्या टायरऐवजी ८० सेंटिमीटरचा बसविला, तर व्यास सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. डिफरन्शियलची पेटी जमिनीपासून साडेतीन सेंटिमीटर उंच होते, एवढा लाभ खरा. परंतु जमिनीवर मिळणारे ओढीचे बळ जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात घटते, तीच गाडी थांबविण्यास ब्रेकला १० टक्के अधिक जोर लागतो आणि वेगदर्शक ५० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ५५ च्या वेगाने धावत असते.

दुसरा फेरबदल पाट्यांच्या स्प्रिंगा उंच करण्याचा. येथे एक गैरसमज सर्वत्र आढळतो. स्प्रिंग उंच केल्याने गाडीचे शरीर वर जाते, आस जेथल्या तेथेच राहतो. दगडावर प्रथम आपटणारी डिफरन्शियलची पेटी तसूभरही उंच होत नाही. उलट गुरुत्वमध्य मात्र वर जातो. जीपच्या डाव्याउजव्या चाकांतील अंतर सुमारे १२३ सेंटिमीटर आहे. गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंचीवर मानला, तर स्थिर गाडी सुमारे ४३ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. तो १० सेंटिमीटर वर गेला, तर ३९ अंशांवरच. धावत्या गाडीस वळणावर याहून कितीतरी कमी कोन पुरतो. शिवाय दांड्यांचे कोन वाढल्यामुळे क्रॉसवरील ताणही वाढतो.

इंजिन बदलणे हा सर्वांत मोठा फेरबदल. त्याचे बोलके उदाहरण पश्चिम बंगालमधील दार्जिलिंग जिल्ह्यात सापडते. जीपच्या चौकटीवर पहिला प्रयोग करून ब्रिटनमध्ये घडविलेली लँड रोव्हर गाडी १९४८ साली बाजारात आली. युद्धोत्तर काळात पोलादाची टंचाई असल्याने तिचे बाह्यांग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते आणि म्हणून ते गंजले नाही. चहामळ्यांसाठी आलेल्या या गाड्या मानेभंजांगच्या चालकांनी पुढे ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत प्रवासी नेण्यास अनेक दशके वापरल्या. मूळ भाग मिळेनासे झाले, तेव्हा त्यांतील अनेकींत भारतीय बनावटीची डिझेल इंजिने बसली. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर अधिक पीळ देते, हा गुण मंद चढास अनुकूल ठरला. परंतु असे इंजिन जड असते. पुढच्या स्प्रिंगा, इंजिनाचे आधार, रेडिएटर व गिअरची प्रमाणे यांचा मेळ नव्याने घालावा लागतो. केवळ इंजिन बसले म्हणजे काम संपले असे होत नाही.

कायद्याची मर्यादाही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हीच भूमिका स्पष्ट केली. इंजिन बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ही अडवणूक नव्हे. गाडी सार्वजनिक रस्त्यावर धावते आणि तिच्या दोषाची किंमत समोरून येणाऱ्यालाही मोजावी लागते.

घरी काम करणाऱ्याने म्हणून एक वही ठेवावी. कोणता भाग केव्हा उघडला, कोणती झीज किती आढळली, कोणते तेल केव्हा बदलले, हे तीत लिहावे. तेल व ग्रीस बदलणे, नळ्या व क्रॉस तपासणे, गंज काढून रंग देणे, ही कामे घरी निश्चिंतपणे करावी. स्टिअरिंगच्या भागांना झाळ देणे, चौकट कापणे किंवा ब्रेकड्रम कातणे, ही कामे यंत्रशाळेची आहेत. आपल्या हातून काय होईल आणि काय होणार नाही, हे ज्याला मोजून सांगता येते, त्याच्या अंगणातील जुनी गाडी अजून पुष्कळ वर्षे चालू शकते.