ड्रेसिंगची दहा मिनिटं

पोट दुखतंय, डोकं दुखतंय, वर्गात बसवत नाही. ब्रिटनमध्ये शाळेच्या नर्सकडे मुलं येतात ती बहुधा अशी कारणं घेऊन. पण एखादी मुलगी आठवड्यात तिसऱ्यांदा आली आणि भर उन्हाळ्यातही बाह्या मनगटापर्यंत ओढून बसली, की ती स्वतःला इजा करून घेत असावी, अशी नर्सला शंका येते.

अशा वेळी अनुभवी नर्स आधी जखम पाहते. ‘असं का केलंस?’ हा प्रश्न ती टाळते. त्यात जाब विचारल्याचा सूर असतो, आणि जाब तर ते मूल स्वतःलाच रोज विचारत असतं. ड्रेसिंग चालू असताना नजरेला नजर द्यावी लागत नाही. बोलणं सुटतं ते तेव्हाच.

स्वतःला इजा करून घेणारी अनेक मुलं मरायला निघालेली नसतात. असह्य झालेल्या भावनेपासून घटकाभर सुटका शोधत असतात. तरीही पुढे आत्महत्येचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून ‘लक्ष वेधून घेण्यासाठी करते’ म्हणत हात झटकणं घातक. जगणं नकोसं वाटतं का, हे नर्स थेट विचारते. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन मात्र ती देत नाही. घरी काय सांगायचं, कसं सांगायचं, हे मुलाशी बोलूनच ठरवते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेने स्वतःला इजा करून घेण्याबद्दल २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत शाळांसाठी वेगळा भाग आहे. गुण मोजून धोक्याचं भाकीत करणाऱ्या प्रश्नावल्या वापरू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मुलाशी बोला, त्याची गरज ओळखा.

आपल्याकडे बहुतेक शाळांत नर्सच नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टर आणि परिचारिकेचं पथक शाळेत येतं, पण वर्षातून एकदा. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने शाळांतल्या दोन-दोन शिक्षकांना आरोग्यदूत केलं. उपक्रम चांगला आहे; पण त्याच शिक्षकांच्या हातात मार्कांची वहीही असते. मनगट दाखवायला मुलाला त्या वहीबाहेरचं माणूस लागतं.

मुख्याध्यापकांनी निदान आठवड्यातला एक तास जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून मागून घ्यावा. आणि ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर आजच लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.