गादीचे नाव आणि नौकेचे नाव

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखाला बंदर नाही. जव्हारच्या महादेव कोळी राजघराण्याच्या नावातील ‘कोळी’ हा शब्दही दर्यावर्दी जमातीचा वाचक नव्हे. तथापि युद्धनौकांची नावे पुन्हा पुन्हा का योजिली जातात, हे समजून घेण्यास या घराण्याची परंपरा उपयोगी पडते. जव्हारच्या गादीवर कृष्णशहा, विक्रमशहा व पतंगशहा हीच नावे आलटून पालटून आलेली दिसतात. विक्रमशहा पाचवे यांच्यामागून १९२७ मध्ये यशवंतराव मुकणे गादीचे वारस झाले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ते ‘पतंगशहा पाचवे’ होते. यशवंतराव हे व्यक्तीचे नाव, पतंगशहा हे गादीचे. पहिले व्यक्तीबरोबर जाते; दुसरे मागे उरते.

नौकेचे नाव या दुसऱ्या जातीचे होय. ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलीस’ या नावाने बांधावयास घेतलेली, पण अपुरी राहिलेली विमानवाहू नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ म्हणून नौदलात दाखल झाली. (विक्रमशहातील ‘विक्रम’ व हा ‘विक्रांत’ दोन्ही ‘वि’ उपसर्गपूर्वक ‘क्रम्’ धातूपासूनच सिद्ध होतात.) ती १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी ‘विक्रांत’ दाखल झाली. तिला ‘आर ११’ हा जुनाच क्रमांक मिळाला. राजनामामागे ‘चौथे’, ‘पाचवे’ असे क्रमवाचक विशेषण लागते, नौकानामामागे लागत नाही. त्यामुळे १९७१ च्या युद्धातील विक्रांत कोणती, हे केवळ संदर्भावरून ठरते. शिवाय ‘विक्रांत’ हे एरवी पुरुषाचे नाव असूनही मराठीत ती ‘दाखल झाली’. येथे अध्याहृत ‘नौका’ या शब्दाचे लिंग क्रियापदाने स्वीकारले आहे.

‘खांदेरी’चा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ज्या बेटावर किल्ल्याचे काम आरंभिले, त्याचे हे नाव ६ डिसेंबर १९६८ रोजी एका पाणबुडीला मिळाले. ती १९८९ मध्ये निवृत्त झाली. पुढे १९९८ मध्ये बेटालाच कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. परंतु २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत दाखल झालेली पाणबुडी पुन्हा ‘खांदेरी’च राहिली. मूळ स्थळाचे अधिकृत नाव पालटले, वारसाचे पालटले नाही.

सर्वांत कठीण प्रसंग नौका बुडाल्याचा. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण मृत्युमुखी पडले. असे नाव पुन्हा घेणे अशुभ, असे कोणासही वाटणे स्वाभाविक होते. नौदलाने ते टाकून दिले नाही: २३ ऑगस्ट १९८९ रोजी दुसरी ‘खुकरी’ दाखल झाली. (‘हंगोर’ हे नावही पाकिस्तानने पुढे नव्या पाणबुड्यांच्या वर्गाला दिले.) डिसेंबर २०२१ मध्ये दुसरी ‘खुकरी’ निवृत्त झाली. पुढच्याच महिन्यात ती स्मारक म्हणून दीवच्या प्रशासनाकडे सोपविण्यात आली. जिच्या नावाची ती वारस, ती पहिली ‘खुकरी’ त्याच दीवनजीकच्या समुद्रतळाशी आहे.