हातातील पाटी : तिची निगा आणि तिचे नूतनीकरण



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या स्मृतिव्याख्यानमालेत संतवाङ्मयावर किंवा माळव्यातील मराठीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. विषय कळविला तेव्हा चालकमंडळींनीही, ‘सर, नक्की हाच ना?’ असे दोनदा विचारून घेतले. विषय हाच. माजी विद्यार्थी मोठ्या आपुलकीने शाळांच्या ग्रंथालयांना टॅब्लेट भेट देतात, घरोघरी नातवंडे ते आजी-आजोबांच्या हाती ठेवतात, आणि चार-पाच वर्षांत त्यांतले पुष्कळसे कपाटात जाऊन निजतात. असे का होते आणि त्यात आपल्या हाती किती आहे, एवढेच मला सांगायचे आहे. मी यंत्रज्ञ नाही. एका चुकीची किंमत मोजलेला वापरकर्ता आहे.

‘टॅब्लेट’ या शब्दाच्या मुळाशी फळी या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आपल्याकडे त्याला ‘पाटी’ हा शब्द आयताच आहे. मी तोच वापरणार आहे. पाटीच्याही आधी धूळपाटी होती, आणि तिच्यावर लिहिलेले पुसले जायचेच, हे तेव्हाच्या पोरांना पक्के ठाऊक असे. आजच्या पाटीवर लिहिलेले पुसले जाईल, हे मात्र आपण विसरतो.

या पाटीचा इतिहास आयपॅडपासून, म्हणजे २०१० पासून, सांगण्याची रीत पडली आहे. त्याआधीही प्रयत्न झाले होते. मला जवळून माहीत असलेला प्रयत्न फिनलंडच्या नोकिया कंपनीचा. ही कंपनी १८६५ साली कागदाचा लगदा तयार करणारी गिरणी म्हणून सुरू झाली. तिनेच पुढे बिनकागदाची पाटी काढावी, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. २००५ च्या मे महिन्यात तिने ‘नोकिया ७७०’ ही ‘इंटरनेट टॅब्लेट’ जाहीर केली आणि त्याच वर्षाअखेर ती बाजारात आली. तिच्यावरून फोन लागत नसे. वाय-फायवरून जाळ्यात शिरावे, वाचावे, पत्रे पाहावीत, एवढ्यासाठीच ती होती. पडदा चार इंचांहून किंचित मोठा, पण त्यावर ८०० गुणिले ४८० बिंदू. त्या काळी हातात मावणाऱ्या यंत्रावर इतका रेखीव पडदा दुर्मीळच. आतली चालू स्मृती ६४ मेगाबाइट आणि साठवण १२८ मेगाबाइट. आज खिशातल्या साध्या फोनवर काढलेली फारशी छायाचित्रे एवढ्या जागेत मावणार नाहीत.

या पाटीला धातूचे एक सरकते झाकण होते. पाटी बंद करताना ते पडद्यावर सरकवावे, वापरताना काढून उलटे करून पाठीवर बसवावे. आणि ते पडद्यावर आले की पाटी आपोआप निद्रिस्त होई. हा केवळ डौल नव्हता. त्या काळचे पडदे दाबावर चालत. वर एक मऊ पारदर्शक पापुद्रा, खाली दुसरा थर, आणि लेखणीने दाबले की दोन्ही एकमेकांना टेकून जागा कळे. वरचा पापुद्रा मऊ असल्यामुळे लेखणीखाली धुळीचा कण आला, की कायमचा ओरखडा पडे. आजचे पडदे काचेचे आणि बोटाच्या विद्युत्स्पर्शावर चालणारे. त्यांना ओरखडे कमी पडतात, पण पडल्यावर ते फुटतात. म्हणून तेव्हा झाकण महत्त्वाचे होते आणि आज कड महत्त्वाची आहे. पाटी कोपऱ्यावर आपटली की सारा आघात एवढ्याशा जागेवर एकवटतो; ज्या आवरणाचे कोपरे जाड आहेत आणि ज्याची कड काचेपेक्षा थोडी वर आलेली आहे, तेच खरे उपयोगाचे. नक्षीदार पातळ आवरण शोभेचे.

२००७ च्या जानेवारीत याच मालिकेतली दुसरी पाटी, ‘एन ८००’, आली. आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी त्या वर्षी अमेरिकेहून इंदूरला आला, तेव्हा त्याने ती मला आणून दिली. स्मृती दुप्पट झाली होती, आणि मेमरी कार्डे घालण्यासाठी दोन खाचा होत्या. त्या पाटीवर मी जुन्या ग्रंथांची छायांकित पाने वाचू लागलो आणि त्याबरोबर एक छंदही जडला. माझी एक मावशी तेव्हा नव्वदीच्या जवळ होती. जुन्या वाड्यांत, स्वयंपाकघरांत, बाळंतिणीच्या खोलीत ऐकू येणारे इंदुरी मराठीतले शब्द ती बोलता बोलता सांगे आणि मी ते रोमन अक्षरांत पाटीवर टिपून ठेवी. वर्षभरात तीनशेंच्या वर शब्द जमले.

पुढे या पाटीसाठी नवी कार्यप्रणाली आली. तिच्यामुळे एन ८०० चा प्रक्रियक ३३० ऐवजी ४०० मेगाहर्ट्झ गतीने चालू लागे. म्हणजे पैसा न खर्चता यंत्र वेगवान होई. नवी आवृत्ती घेतली की जुने यंत्र मंदावणारच, असा जो समज आहे तो सरसकट खरा नाही, हे यावरून ध्यानात यावे. पण ती आवृत्ती घालण्याची रीत कठोर होती. पाटी तारेने संगणकाला जोडायची आणि तिची आतली सगळी साठवण पुसून तिच्यावर नवी प्रणाली उतरवायची. कार्डावरचे राहते, आतले जाते. प्रत काढून ठेवण्याची सोय पाटीतच होती. माझ्या विद्यार्थ्याने दूरध्वनीवरून तीनदा बजावले होते, आणि संगणकाच्या पडद्यावरही सूचना आली होती. मी ‘पुढे’ या अर्थाचे बटण दाबले. शब्द आतल्या साठवणीत होते. वेगवान झालेली पाटी मी मावशीला दाखवायला नेली, तेव्हा तिने सहज विचारले, ‘कालचा शब्द लिहिलास ना रे?’ तोवर माझ्या लक्षातही आले नव्हते. पुढच्या वर्षी ती गेली. त्या शब्दांतले साठ-सत्तर मला नंतर आठवले, बाकीचे नाहीत.

त्यामुळे नूतनीकरणाची पहिली पायरी ‘अपडेट’ हे बटण दाबणे ही नव्हे. आत जे आहे त्याची प्रत दुसऱ्या जागी आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी. ‘दुसरी जागा’ म्हणजे त्याच पाटीतली दुसरी घडी नव्हे. कार्ड, संगणक किंवा जाळ्यावरील साठवण. आणि प्रत काढली एवढ्यावर न थांबता ती उघडून पाहावी. २००८ मध्ये त्याच नोकिया पाट्यांना काही न पुसता जाळ्यावरूनच नवे भाग उतरवून घेण्याची सोय मिळाली, आणि आजच्या पाट्या तशाच रीतीने नव्या होतात. तरीही भर कामात वीज गेली, बॅटरी संपली, साठवणीत जागा उरली नाही, तर यंत्र मधल्या अवस्थेत अडकू शकते. अर्ध्याहून अधिक भार, चार्जर जोडलेला, मोकळी जागा पुरेशी आणि तासभर सवड, इतके जमल्यावरच हे काम हाती घ्यावे.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्या हातात नसते. एन ८०० साठी २००७ ची प्रणाली निघाली, तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाच्या ७७० ला ती अधिकृतपणे मिळाली नाही. हौशी जाणकारांसाठी एक आवृत्ती काढली गेली, पण तिची हमी कोणी घेतली नव्हती. २००९ मध्ये ‘एन ९००’ आली, तेव्हा तिची नवी प्रणाली एन ८०० लाही अधिकृतपणे मिळाली नाही. २०१० च्या फेब्रुवारीत ही प्रणालीच इंटेलच्या दुसऱ्या प्रणालीत विलीन करण्याचे ठरले, आणि पुढच्याच वर्षी नोकियाने मायक्रोसॉफ्टशी करार करून वेगळी वाट धरली. माझी एन ८०० आजही सुरू होते. झाकण, पडदा, कळा शाबूत आहेत. पण तिच्यावरून बहुतेक संकेतस्थळे उघडत नाहीत. संकेतस्थळ आणि वाचक यांच्यामधली बोलणी गुप्त ठेवण्याच्या पद्धती बदलत गेल्या. २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी जुन्या पद्धती काढून टाकल्या आणि संकेतस्थळांनीही त्या सोडल्या. या पाटीला नव्या पद्धती कोणी शिकवल्या नाहीत. शरीर धडधाकट, पण दारावरची नवी खूण ठाऊक नाही, म्हणून दार उघडत नाही. कपाटातल्या कितीतरी पाट्यांची गत अशीच असते, आणि आपण मात्र ‘बिघडली’ म्हणतो.

म्हणून ग्रंथालयासाठी पाटी घेताना पडदा किती इंचांचा हे विचारण्याआधी, सुरक्षेची अद्यतने कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हे विचारावे. स्वस्तात मिळाली म्हणून चार वर्षांपूर्वीचे नमुने वीस घेतले, तर त्यांचे निम्मे आयुष्य दुकानातच संपलेले असते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच झाला आहे. तिथे विक्रीस येणाऱ्या नव्या नमुन्याला, त्याची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीची अद्यतने मिळाली पाहिजेत, ठरावीक सुटे भाग सात वर्षे उपलब्ध असले पाहिजेत, आणि ८०० वेळा भारल्यानंतरही बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. हा नियम तिथल्या बाजारापुरता आहे. पण दुकानदाराला कोणते प्रश्न विचारायचे, हे आपल्याला त्यावरून कळते.

बॅटरीचा उल्लेख आलाच आहे, तर थोडे अधिक बोलतो. आपल्या हवेत पाटीचा खरा शत्रू तिथे आहे. नोकियाच्या त्या पाट्यांची बॅटरी मागचे झाकण काढून हाताने बदलता येई. आजच्या बहुतेक पाट्यांत ती डिंकाने चिकटवलेली असते. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत : उष्णता, आणि काठोकाठ भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या अवस्थेत दीर्घकाळ पडून राहणे. इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा बंद मोटारीत किंवा गच्चीकडच्या खिडकीत पाटी ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य दिवसागणिक कापणे होय. उशीवर, पांघरुणात ठेवून भारू नये. शाळेच्या उन्हाळी सुटीत पाट्या निम्म्या भारून, बंद करून, थंड कोरड्या कपाटात ठेवाव्यात आणि महिन्याकाठी एकदा पाहाव्यात. सुटीभर चार्जरला लावून ठेवणे किंवा पार रिकाम्या ठेवणे, दोन्ही वाईट. पडदा कडेने उचललेला दिसला, तर आत बॅटरी फुगली आहे असे समजावे. तो दाबून बसवू नये, टोचू नये, पुन्हा भारू नये, जाणकाराकडे द्यावी.

बाकीचे थोडक्यात. चार्जरची खाच ही पाटीची सर्वांत दुबळी जागा; तार जोडलेली असताना पाटी ओढू नये, आणि खाचेतली धूळ टाचणीने कोरू नये, मऊ कोरड्या ब्रशने झटकावी. भिजली तर ताबडतोब बंद करावी, पुसून हवेशीर जागी ठेवावी, आणि पूर्ण वाळेपर्यंत भारू नये. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय घरोघरी प्रसिद्ध आहे, पण त्यातली बारीक कणी खाचेत शिरते. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक वाचकाला विनवीत की तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून हिला जपा. त्यांतले तेल-पाणी आजही तसेच लागू आहे, भजी खात पाटी हाताळणाऱ्यांना तर विशेष.

माझी एन ८०० आता जाळ्याला जोडत नाही. बॅटरी काढून वेगळी ठेवलेली असते. बसवली, की कार्डावरची पुस्तके ती अजून दाखवते. आठवलेल्या साठ-सत्तर शब्दांची यादी एका वहीत आहे, एक प्रत मुलीच्या संगणकावर आहे, आणि तिसरी या शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्यासाठी आज मी बरोबर आणली आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी अजून एखादी नव्वदीची मावशी असेल, तर त्या यादीत भर घालावी.